जुना कॉम्प्युटर बदलायचा कधी?
रॅम (चालू कामाची मेमरी) मदरबोर्डावरच, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावरच, सोल्डर केलेली असेल आणि प्रोसेसरही बदलता येत नसेल, तर वेगापेक्षा आधी एक गोष्ट पाहा: सुरक्षा अपडेट मिळतात का? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. अपडेट बंद झालेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू नका, ते कितीही छान चालत असले तरी.

नुसती पत्रे टाइप करायची, भजने ऐकायची, तर ४ जीबी रॅमवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम घाला. घाईने नवे घेऊ नका.

गोव्यात मात्र पावसाळा विचारात घ्यावाच लागतो. किनाऱ्यालगतच्या खारट, दमट हवेने मदरबोर्डवरचे जोड गंजतात. चतुर्थीच्या सुमाराला मशीन कधी सुरू होते, कधी नाही, असे झाले तर लगेच फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. बोर्डाचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला, तर माझ्या मते दुरुस्ती नकोच. लॅपटॉपची बॅटरी फुगली तर त्याच क्षणी वापर थांबवा, चार्जिंगला लावू नका.

नवा घेताना रॅम आणि एसएसडी (फाइली साठवणारी वेगवान डिस्क) बदलता येतात का, हे दुकानदाराला आधी विचारा.