आधी चढण, मग जेवण

कुटुंबासोबत एक दिवसाची सहल ठरवताना भटकंती सकाळी आणि तिथलं खास जेवण नंतर, हा क्रम शक्यतो मोडू नका. भरल्या पोटी चढायला लागलं की मुलं पहिल्याच वळणावर दगडावर बसकण मारतात आणि मोठ्यांनाही धाप लागते.

खरी गफलत होते ती वेळेच्या हिशेबात. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही कामी येतो: साधारण ५ किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा, विश्रांती न धरता. लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असले की मी सरळ दुप्पट वेळ धरते. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे पडत नाही. कितीही वर पोहोचलात तरी अमुक वाजता मागे फिरायचं, हे निघण्याआधीच ठरवा.

जेवणाच्या ठिकाणी आदल्या दिवशीच फोन करा. स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं, मुलांसाठी कमी तिखट मिळेल का, एवढं विचारून घ्या. कुणाला ॲलर्जी असेल तर तेही तेव्हाच सांगा. तरी पिशवीत थोडा कोरडा खाऊ असू द्या. उतरताना हमखास भूक लागते.

आणि गाडीत प्रत्येकासाठी मोज्यांची एक कोरडी जोडी ठेवा. ओल्या पायांनी जेवायला बसलेलं मूल दोन घासांतच कुरकुरायला लागतं.