घरच्या ट्रस्टचा विश्वस्त बदलताना या चुका टाळा

खानापूरकडच्या एका घरातली गोष्ट. काका विश्वस्त, गाळ्यांचं भाडं तेच गोळा करायचे, हिशेब कोणालाच नाही. ट्रस्टच्या दस्तात विश्वस्ताला काढायचा अधिकार कोणालाच दिलेला नव्हता. तरी पुतण्यांनी शंभराच्या बाँडवर ‘काकांना काढले’ असं लिहून सह्या ठोकल्या आणि मिठाई म्हणून कुंदा वाटला. बँकेनं कागद परत केला. भाडेकरू म्हणाले, आधी तुमचं ठरू दे.

मग एकानं नेटवरून मसुदा उचलला आणि बेळगावच्या जिल्हा न्यायालयात कलम ७४ चा अर्ज टाकला. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या या कलमानं दावा न लावता नवा विश्वस्त मिळतो खरा, पण जागा रिकामी असेल किंवा विश्वस्त अपात्र ठरला असेल, आणि कलम ७३ प्रमाणे (दस्तात नेमलेल्या व्यक्तीकडून किंवा उरलेल्या विश्वस्तांकडून वगैरे) नेमणूक जमत नसेल तर! इथं काका जागेवर ठाण मांडून, आरोप अपहाराचा, काकांना तो अमान्य. अर्ज फेटाळला आणि शेवटी दावा लावावा लागलाच. नेटवरच्या मसुद्याला तुमच्या काकांची काय माहिती?

माझ्याकडे कोणी आलं की मी आधी कलम ५७ ची नोटीस काढायला लावतो, पोचपावतीसह. दस्त आणि हिशेब बघायचा, प्रती घ्यायचा हक्क लाभार्थ्याला आहे. उत्तर आलं नाही तर तोच कागद पुढे कामी येतो. लोकांना एवढाही धीर नसतो.

कोल्हापूरचे पाहुणे ‘धर्मादाय आयुक्तांकडे जा’ म्हणतील. ऐकू नका. ती वाट महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ट्रस्टची. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ९२ सुद्धा सार्वजनिक ट्रस्टसाठीच.

दस्तात लवादाचं (म्हणजे वाद कोर्टाऐवजी पंचाकडे नेण्याचं) कलम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. असे वाद लवादाकडे जात नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्येच सांगितलंय.

विश्वस्त कायमचा परदेशी गेला, किंवा सलग सहा महिने भारताबाहेर आहे? मग अपहार सिद्ध करत बसू नका, कलम ७३ मध्ये ते कारण आहेच.

नवा विश्वस्त म्हणून स्वतःच्याच पोराचं नाव पुढं करू नका. न्यायालय सगळ्या लाभार्थ्यांचं हित बघतं, आणि समोरचा वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

जुना दस्त मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर आणि भाषांतर आधीच करून घ्या, तारखेच्या आदल्या रात्री नको.

आदेश हातात आला की बँक, सिटी सर्व्हेचा उतारा आणि भाडेकरूंना लेखी कळवणं, हे सगळं त्याच आठवड्यात उरकून टाका.