कुत्र्याचा संधिवात: ओळखावा कसा आणि करावे काय

आमची लॅब्रॅडॉर नऊ वर्षांची झाल्यावर दिवाणावर चढेनाशी झाली, तेव्हा आता ती शहाणी झाली असे आम्ही कौतुकाने म्हणत होतो. प्रत्यक्षात तिच्या मागच्या पायांचे सांधे दुखत होते आणि ते कळायला आम्हाला सहा महिने लागले. सांधेदुखीने कुत्रे सहसा केकाटत नाही, म्हणून त्याच्या हालचालींकडेच लक्ष द्यावे लागते. झोपेतून उठताना ते पुढच्या पायांवर भार देऊन मागचा भाग कष्टाने उचलते, सुरुवातीची काही पावले आखडून टाकते आणि मग सैल होते. जिन्यापाशी थबकणे, एकच सांधा सतत चाटणे, मांड्या बारीक होणे, कमरेला हात लावताच गुरगुरणे, चालताना नखे फरशीवर घासल्याचा आवाज येणे, हीदेखील लक्षणे आहेत. दवाखान्यात भीतीपोटी कुत्रे लंगडणे लपवते, त्यामुळे सकाळच्या उठण्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून पशुवैद्यांना दाखवावे. आपल्याकडे गोचीडतापातही सांधे दुखतात, म्हणून एक्स-रेबरोबर रक्ततपासणीही करून घ्यावी.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकमुळे त्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पशुवैद्यांनी दिलेले औषध चालू असताना उलटी झाली किंवा शौच काळी झाली, तर पुढची मात्रा न देता त्यांना लगेच कळवावे.

वजन आटोक्यात ठेवणे हा माझ्या मते सर्वांत मोठा उपचार आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांचा आयुष्यभर अभ्यास झाला; त्यात कुत्र्यांच्या जोड्या लावल्या होत्या आणि जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी खाणारे कुत्रे सुमारे दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांना संधिवाताचा त्रासही उशिरा सुरू झाला. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवताच बोटांना लागाव्यात, इतपत वजन योग्य समजावे. चहाबरोबरची बिस्किटे आणि तुपाची पोळी प्रेमाने दिली जाते हे खरे, पण तिचा भार त्याच सांध्यांवर येतो.

घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात, म्हणून त्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी मॅट किंवा जाड सतरंजी न सरकेल अशी अंथरावी आणि पंजांमधले केस कापावेत. रविवारी एकदम तासभर फिरवण्यापेक्षा रोज दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटे संथ चालवावे. दुसऱ्या दिवशी ते अधिक आखडलेले दिसले, तर वेळ कमी करावी.