इंडोनेशियात शिकायला जाणारे जपानी विद्यार्थी कुठे अडकतात? या चुका टाळा

ऑगस्टमध्ये नवं सत्र सुरू झालं की योग्याकार्ताच्या गाजा मादा विद्यापीठात जपानी मुलामुलींचे घोळके दिसू लागतात. पारदर्शक फोल्डरमध्ये लावलेले कागद, त्यांवर रंगीत चिठ्ठ्या, आणि बैठकीच्या दहा मिनिटं आधी हजर. तयारीत ही मुलं कुणाला हार जाणार नाहीत. तरी दोन-तीन महिन्यांत त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नाकी नऊ येतात. मार्गदर्शकांचं उत्तर येत नाही, गावातल्या मुलाखतींतून हाती काही लागत नाही, फोनचं नेटवर्क अचानक जातं. बांडुंग, बोगोर, मकासर, कुठेही जा, गाऱ्हाणी थोड्याफार फरकाने हीच. माझ्या मते घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. कागदावर ठरलं म्हणजे काम झालं, असं ही मुलं धरून चालतात. इंडोनेशियात कागद भरपूर लागतो, पण तो पुढे सरकतो माणसाच्या हातून, आणि त्या माणसाला जाऊन भेटावं लागतं.

इंडोनेशिया सरकारच्या दार्मासिस्वा शिष्यवृत्तीवर किंवा संशोधनासाठी आपलीही मुलं तिथे जातात. त्यांची चूक सहसा उलट्या बाजूची असते. ओळखीपाळखी पहिल्या आठवड्यात होतात, परवान्याचं मात्र 'बघू, होऊन जाईल' चालू राहतं. तेव्हा पहिला मुद्दा आपल्या मुलांनी दोनदा वाचावा.

शिक्षणाच्या परवान्यावर संशोधन उरकणं

देवाणघेवाण योजनेतून आलेला विद्यार्थी वर्गात बसण्याच्या परवान्यावर आलेला असतो. मग जपानमधले प्राध्यापक सुचवतात, 'आलाच आहेस तर प्रबंधासाठी पंचवीसेक मुलाखती घेऊन ये.' इथे गाडी घसरते. २०१९ च्या ११ क्रमांकाच्या विज्ञान-तंत्रज्ञान कायद्यानुसार परदेशी व्यक्तीला इंडोनेशियात संशोधन करायचं तर वेगळा परवाना लागतो. तो आता ब्रिन या राष्ट्रीय संशोधन संस्थेमार्फत मिळतो आणि त्याच्या जोडीला नैतिक मान्यताही घ्यावी लागते. माती, पानं, रक्त, सूक्ष्मजीव असे नमुने देशाबाहेर न्यायचे तर नमुना-हस्तांतराचा लेखी करार हवा. तो न करता नमुने नेल्यास कायद्यात तुरुंगवासाची आणि दंडाची तरतूद आहे. कालीमंतानच्या (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियातला भाग) दलदली जमिनींवर होक्काइदो विद्यापीठ आणि पालंगकारायाचं विद्यापीठ वर्षानुवर्षं एकत्र काम करत आले आहेत. अशा कामाची परंपरा पाहून नव्या विद्यार्थ्याला वाटतं, पिशवीभर मातीने काय होणार! त्या मोठ्या प्रकल्पांच्या मागे करारांची अख्खी चळत असते, ती त्याला दिसत नाही.

उपाय असा. निघण्याआधीच ठरवा की तुम्ही विद्यार्थी म्हणून जाताय की संशोधक म्हणून. वर्गाच्या अभ्यासाचा भाग म्हणून गावात जायचं असेल, तर तेवढ्याला काय चालेल हे यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी घ्या. नमुन्यांची तपासणी तिथल्याच प्रयोगशाळेत, तिथल्या सहकाऱ्याबरोबर करा आणि आकडे घेऊन या. आणि ३० दिवसांच्या 'व्हिसा ऑन अरायव्हल'वर उतरून 'पुढचं तिथे बघू' हा बेत तर मनातही आणू नका. तो व्हिसा एकदाच वाढवून मिळतो आणि त्यावर शिकता येत नाही.

ईमेल पाठवून वाट बघत बसणं

जपानी विद्यार्थी अत्यंत सभ्य ईमेल लिहितो. तीन आठवडे उत्तर येत नाही. पुन्हा लिहिणं म्हणजे तगादा लावणं, सरांचा अपमान, असं समजून तो गप्प बसतो. सरांनी तो ईमेल उघडलेलाही नसतो, कारण तिथला सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिण्याचीही एक रीत आहे. आधी अभिवादन, मग 'पाक' (सर) किंवा 'बू', म्हणजे इबू (बाई), लावून नाव, मग आपलं नाव, विभाग, काम एका ओळीत, शेवटी आभार. रात्री उशिरा पाठवू नका. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळेतही नको. चार दिवसांत उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही. तरीही हाललं नाही तर सरळ विभागात जा, बाकड्यावर बसा आणि कार्यालयातल्या कारकुनाशी ओळख करा. सर कधी येतात, कुठल्या बैठकीत आहेत, सही कोणत्या दिवशी होते, हे सगळं त्याला पाठ असतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय मात्र सोडायला हवी. सही हवी असेल तर 'सही हवी आहे' म्हणा. नुसतं 'सहज आलो होतो' म्हटलं तर ते खरंच समजतील, चहा पाजतील आणि तुम्ही रिकाम्या हाताने परताल.

अनेक विभागांच्या दारावर पाटी असते: टी-शर्ट आणि चप्पल घालून येऊ नये. कॉलरचा शर्ट, बूट. पारा तिशीत असला तरी.

गावात प्रश्नावली घेऊनच उतरणं

यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते.

योग्याकार्ताच्या उत्तरेला मेरापी ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावरच्या नद्यांत राखमिश्रित चिखलाचे लोंढे अडवायला साबो बंधारे बांधलेले आहेत. जपानी तंत्राचे, नावही जपानीच. त्यामुळे आपत्तीचा अभ्यास करणाऱ्या जपानी मुलांची पावलं तिकडे वळणारच. विद्यार्थी विद्यापीठाचं पत्र घेऊन निघतो आणि जिल्ह्याच्या कार्यालयापासून तालुका, गाव, वाडी असे हेलपाटे घालतो. यातली एकही पायरी गाळू नका. वाडीच्या तोंडाशी 'पाहुण्याने २४ तासांच्या आत कळवावे' अशी पाटी असते, ती शोभेची नाही. वाडीप्रमुखाला आधी भेटलात तर बाकीची दारं आपोआप उघडतात.

मग मुलाखत. ओसरीवर चटई अंथरलेली, खाऊचे पुठ्ठ्याचे डबे मांडलेले, समोर वयस्कर शेतकरी आणि शेजारी गावचा कर्मचारी. विद्यार्थी पाठ केलेल्या इंडोनेशियन भाषेत विचारतो, 'बंधाऱ्यामुळे तुम्हाला सुरक्षित वाटतं का?' म्हातारबुवा तोंड उघडायच्या आत कर्मचारी उत्तर देतो. म्हातारबुवा 'इंग्गिह, इंग्गिह' (जावानीज भाषेत अदबीचं 'होय') म्हणत मान हलवतात. वहीत 'होय' पडतो. अशी चाळीस 'होय' गोळा करून विद्यार्थी ओसाकाला परत जातो आणि त्यातून काहीच निष्पन्न का होत नाही, याचं कोडं सोडवत बसतो. तो 'होय' बंधाऱ्याला नव्हता, पाहुण्याला होता.

पहिल्या भेटीत प्रश्नावली पिशवीतच राहू द्या. समोर आलेलं खा, घरच्यांची विचारपूस करा, त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या (लग्न झालं का, हा प्रश्न येणारच). दुसऱ्या खेपेला कर्मचाऱ्याशिवाय जा. सोबत जावानीज बोलणारा स्थानिक विद्यार्थी हवा, कारण इंडोनेशियन ही शाळेची आणि कार्यालयाची भाषा आहे, चुलीपाशी जावानीज चालते. बांडुंगकडे गेलात तर सुंदानीज. सोबतच्या विद्यार्थ्याला नुसता दुभाषा समजू नका. मोबदला द्या आणि प्रबंधात त्याचं नाव घाला. प्रश्नही बदला. 'सुरक्षित वाटतं का' ऐवजी '२०१० मध्ये मेरापी भडकला तेव्हा गाई कुठे नेल्या?' असं विचारा. त्या वेळी गुरांना चारा घालायला लोक धोक्याच्या पट्ट्यात परत जात होते. या एका प्रश्नावर जे बोलणं निघतं, ते कुठल्याही पाच पर्यायांच्या तक्त्यात मावत नाही.

आणखी एक. १९४२ ते १९४५ या काळात इथे जपानी लष्कराची सत्ता होती. वेठबिगारीवर नेलेल्या लोकांना आजही 'रोमुशा' हाच शब्द आहे. एखाद्या घरात आजोबांची आठवण निघते. मुलं इथे दोन टोकं गाठतात: एक तर अवघडून विषय बदलतात, नाही तर पाच मिनिटं वाकून माफी मागत राहतात. बहुतेक वेळा समोरच्याला फक्त सांगायचं असतं. ऐका. लिहून घेऊ का, हे विचारा.

तयार उपाय घेऊन जाणं

जपानमधली एहिमे, कागावा, कोची ही तीन विद्यापीठं आणि इंडोनेशियातली गाजा मादा, बोगोरचं कृषी विद्यापीठ व मकासरचं हसनुद्दीन यांचा 'सुइजी' नावाचा गट आहे. त्यात दोन्हीकडचे विद्यार्थी एकत्र गावात राहून काम करतात. योजना उत्तम. अशा शिबिरांत शेवटच्या दिवशीचं सादरीकरण मात्र बघण्यासारखं असतं. गाव कुठलंही असो, विषय कुठलाही असो, एका तरी गटाचा उपाय कचऱ्याच्या वर्गीकरणाचा निघतो. सुंदर रंगीत फलक, सात प्रकारचे डबे.

आता योग्याकार्ताला लागूनच बांतुल जिल्हा आहे. तिथे २००८ मध्ये कचरा बँक सुरू झाली. लोक सुका कचरा वेगळा करून आणतात, वजन होतं, पासबुकात पैसे जमा होतात. पुढे देशभर अशा बँका निघाल्या. हे माहीत नसलेल्या पाहुण्याने त्याच गावकऱ्यांना प्लास्टिक वेगळं करायला शिकवावं! गावकरी टाळ्या वाजवतात, फोटो काढतात, फलक समाजमंदिराच्या कोपऱ्यात जातो. गावात आधी काय चालू आहे, कोण चालवतं, कुठे अडलंय, हे विचारण्यात पहिले तीन-चार दिवस घालवा. बऱ्याचदा अडलेलं असतं ते हिशेबाच्या वहीत किंवा वाहतुकीत, आणि तिथे विद्यार्थ्याची खरोखर मदत होऊ शकते.

जपानी बोलणाऱ्यांच्या कोंडाळ्यात राहणं

जपान फाउंडेशनच्या २०२१ च्या पाहणीत इंडोनेशियात जपानी शिकणारे सात लाखांहून अधिक निघाले. चीनखालोखाल जगात दुसरा क्रमांक. म्हणजे जपानी मुलगा आवारात पाऊल टाकतो तोच जपानी विभागाची मुलं त्याला घेरतात. खोली तेच शोधून देतात, दवाखान्यात तेच नेतात, बाजारात भावही तेच करतात. सहा महिन्यांनी त्या मुलांचं जपानी फर्डं होतं आणि याला इंडोनेशियन भाषेत जेवण मागवण्यापलीकडे काही येत नाही.

मैत्री तोडायला कुणी सांगत नाही. वेळ वाटून घ्या: एक तास जपानी, एक तास इंडोनेशियन. खोली जपानी विभागाच्या मुलांपासून दूर घ्या. गामेलान (तिथला पारंपरिक वाद्यवृंद) वाजवणारा किंवा डोंगर चढणारा विद्यार्थी गट गाठा. तिथे तुमच्या जपानीशी कुणाला देणंघेणं नसतं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातली संक्षिप्त भाषा पुस्तकात मिळत नाही, ती अशा ठिकाणीच कळते. 'निघालोय' असा निरोप आला तर गडी अजून आंघोळीलाही गेलेला नाही, हेही तिथेच कळतं.

रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक गोष्टी

परदेशातून आणलेल्या फोनची आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) नोंदणी सीमाशुल्क विभागाकडे केली नाही, तर स्थानिक सिमवर पर्यटकाला मिळणारी ९० दिवसांची मुभा संपल्यावर नेटवर्क जातं. विमानतळावरच नोंदणी उरका.

जपानचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इंडोनेशियात चालत नाही. दोन्ही देशांत गाडी डावीकडून चालते म्हणून मुलं भाड्याची स्कूटर घेऊन निघतात, आणि अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. अ‍ॅपवरून दुचाकी-टॅक्सी मागवा, स्वस्त पडते.

भाड्याच्या खोलीतल्या न्हाणीघरात पाण्याचा हौद असतो. तो तांब्याने पाणी घ्यायला. जपानी घरात टबात बसायची सवय, त्यामुळे कुणी तरी आत उतरतंच आणि घरमालकीण इबूंना अख्खा हौद उपसावा लागतो. पिण्याचं पाणी १९ लिटरच्या जारमधलंच घ्या.

ताप आला तर आधी रक्त तपासा. डेंग्यू पाचवीला पुजलेला आहे. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्या. जपानहून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांत इबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन असेल तर त्यांना हात लावू नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

'तुझा धर्म कोणता?' हा प्रश्न पहिल्या भेटीत येतो, अर्जातही असतो. जपानी मुलं प्रामाणिकपणे 'कुठलाच नाही' म्हणतात आणि समोरचा गोंधळतो, कारण एका ईश्वरावर श्रद्धा हे तिथल्या राज्याच्या पाच मूलतत्त्वांतलं पहिलंच तत्त्व आहे. 'घरी बौद्ध आणि शिंतो रीती पाळतात' एवढं म्हटलं की विषय संपतो, आणि ते बहुतेकांच्या बाबतीत खरंही असतं.

रमजानचं गणित न मांडणं

जपानी विद्यापीठांची सुट्टी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत. छोट्या क्षेत्रभेटी तेव्हाच आखल्या जातात. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२६ चा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, २०२७ चा त्याच्याही आधी. म्हणजे सुट्टी आणि उपवास एकमेकांवर आदळतात. कार्यालयं लवकर बंद होतात, दुपारच्या मुलाखतीला माणूस थकलेला असतो, आणि ईदच्या आठवड्यात शहर गावाकडे लोटतं. गाड्यांची तिकिटं मिळत नाहीत, खोल्यांच्या इमारतीत एकटा परदेशी उरतो. या काळात जायचंच असेल तर मुलाखती सकाळी लवकर किंवा रात्रीच्या नमाजानंतर ठेवा, इफ्तारचं बोलावणं नाकारू नका, आणि ईदचे दिवस सोबत्याच्या घरी काढता येतील का, ते आधीच विचारून ठेवा.

निघताना

परतीचं तिकीट सत्रान्त परीक्षेच्या आधीचं काढू नका. वर्गात ७५ टक्के हजेरी लागते आणि परीक्षा बुडाली तर श्रेयांक जपानमध्ये धरले जात नाहीत. मर्यादित मुक्कामाचा परवाना असलेल्याने कायमचं परतताना तो इमिग्रेशन कार्यालयात रीतसर बंद करून घ्यायचा असतो. विमानतळावर जाऊन करू म्हटलं तर तोवर उशीर झालेला असतो, म्हणून किमान दोन आठवडे आधी आंतरराष्ट्रीय कार्यालय गाठा. गावात घेतलेल्या माहितीचा दोन पानी गोषवारा सोप्या इंडोनेशियन भाषेत करून वाडीप्रमुखाकडे स्वतः नेऊन द्या. पुढच्या वर्षी तुमच्याच विभागातून येणाऱ्या मुलाला ते त्याच ओसरीवर बसवतील की कार्यालयातून पत्र आणायला परत पाठवतील, हे बरंचसं त्यावर ठरतं.