गळू गोळ्यांना दाद देत नसेल तर घरी काय करायचं आणि काय नाही

पावसाळा लागला की आमच्या लालबागच्या चाळीत कुणाला ना कुणाला गळू होतंच, घामाने चिकट अंग, न वाळलेले कपडे, वर लोकलची गर्दी. माझ्या भावाला मांडीवर झालं तेव्हा त्याने केमिस्टकडून गोळ्या आणल्या, तीन दिवसांत ठणका थांबला तशा बंद केल्या, पंधरा दिवसांत दुसरं गळू आणि मग आईच्या काखेत पण. पू तपासला तेव्हा एमआरएसए निघाला, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना न जुमानणारा स्टॅफ जंतू.

आधीच सांगते, घरच्या उपायांनी हा जंतू मरत नाही. पू असतो कातडीखाली, लेप राहतो वर. घरी आपण गळू मोकळं व्हायला मदत करू शकतो आणि ते दुसऱ्याला होऊ नये एवढं बघू शकतो, पण हे दोन्ही नीट केलं तर खूप फरक पडतो.

सुरुवात शेकाने करा. स्वच्छ सुती फडकं सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून १० ते १५ मिनिटं ठेवायचं, दिवसातून तीन-चार वेळा. दरवेळी फडकं वेगळं, वापरलेलं गरम पाण्यात साबणाने धुवायचं आणि ऊन नसेल तर इस्त्री फिरवायची. डायबेटिस असून पाय बधिर असेल तर पाणी किती गरम आहे ते घरातल्या दुसऱ्याने बघावं, नाहीतर भाजेल आणि कळणारही नाही.

दाबू नका, सुई तर अजिबात टोचू नका, पू अजून आत जातो. नाक आणि वरच्या ओठाजवळ असेल तर हात पण लावू नका, तिथल्या शिरांचा संबंध थेट मेंदूपर्यंत आहे.

आपोआप फुटलं तर हात साबणाने धुवा, उकळून गार केलेल्या पाण्याने जागा साफ करा, गॉज लावून झाका. पट्टी ओली झाली की बदला आणि जुनी पिशवीत बांधूनच टाका.

हळदीतल्या कर्क्युमिनचा लॅबमध्ये जंतूंवर परिणाम दिसतो हे खरं, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. मधाचं तसंच, जखमेसाठी वापरतात तो खास निर्जंतुक केलेला असतो, बरणीतला नाही. लसूण ठेचून तर बांधूच नका, कातडी भाजते, आईच्या काखेत नेमकं हेच झालं. केमिस्ट देतो ती खाजेची स्टिरॉइड क्रीम पण नको.

टॉवेल, रेझर, साबणाची वडी, प्रत्येकाची वेगळी. आमच्याकडे एकाच दोरीवरचा एकच टॉवेल सगळे वापरायचे, कदाचित तिथूनच पसरलं असेल. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात स्टॅफ (बहुतेकदा साधा, एमआरएसए नव्हे) काही त्रास न देता राहतो, म्हणून नाकात बोट घालून तेच बोट जखमेला लावू नका, मुलांची नखं कापा.

ताप आला, लाली पसरायला लागली (कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवा म्हणजे कळतं), गळू चेहऱ्यावर आहे, बाळाला किंवा डायबेटिसवाल्याला झालंय, किंवा दोन दिवसांत उतार नाही, तर शेकत बसू नका. केईएम, नायर, सायन, जे जवळ असेल तिथे जा. बरेचदा चिरा देऊन पू काढणं हाच मुख्य इलाज असतो. पुवाचं कल्चर (पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून तपासणं) करायचं का असं स्वतः विचारा, रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात पण कोणती गोळी चालेल ते त्यातच कळतं. ज्या स्ट्रिपवर उभी लाल रेघ आहे ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी तो दाखवा.