घरच्या सामानाने बंदूक साफ करताय? या चुका टाळा

सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची (तोंडातून दारू ठासून भरायची) किंवा बारा बोअरची (मागून उघडून काडतूस घालायची) बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. भाताच्या दिवसांत रानडुकरं उतरली की ती बाहेर निघते, दसऱ्याला पूजेला निघते, निवडणुकीत पोलीस ठाण्यात जमा होते. साफसफाईचं खास सामान गावात कुठून मिळणार? मग घरातलं हाताला येईल ते घेतलं जातं. त्यात गैर काहीच नाही. चूक होते ती कसली घाण कशाने निघते हे न बघता घासायला बसण्यात.

त्याआधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. बारा बोअर उघडली की दिसतं. ठासणीचं तसं नाही. गज, म्हणजे दारू ठासायची सळी, नळीत अलगद सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढून नळीला वरून लावून पाहा. गज पार केपाच्या (घोडा पडला की ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) जागेपर्यंत पोचला पाहिजे. चार बोटं अलीकडे थांबला, तर आत बार, म्हणजे भरलेली दारू, आहे. साफसफाई तिथेच थांबवा आणि बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्या. "गेल्या वर्षीच रिकामी करून ठेवली होती" यावर कधीही विसंबू नका.

सगळ्यात जास्त नळ्या कुजतात त्या काळ्या दारूमुळे. ही दारू जळली की मागे क्षार उरतात, आणि ते कोकणातल्या हवेतलं पाणी ओढून घेतात. लोक त्यावर लगेच तेल सोडतात. क्षार तेलात विरघळत नाहीत. तेलाखाली बसून नळी खात राहतात. त्याला उपाय पाण्याचाच. पाण्याने लोखंड गंजेल ही भीती मलाही होती, पण कढत पाणी आणि थोडा साबण यासारखं दुसरं काही नाही. जुन्या सुती बनियनची चिंधी गजाला गुंडाळून फिरवायची. पहिली चिंधी डांबरासारखी काळी येते, कुजक्या अंड्याचा वास येतो. चिंधी पांढरी येईपर्यंत धुवायचं. पाणी कढत असलं की नळी स्वतःच्या उष्णतेने वाळते. मात्र लगेच कोरडी चिंधी आणि तेल फिरवा. जेवून येईपर्यंत थांबलात तर आत तांबूस झाक धरते.

तेल कुठलं? खोबरेल नको. मी ते वापरून बसलोय. पौषातल्या एका पहाटे बंदूक काढली, तर घोडा पडतोय तो जड, रेंगाळत. तेल आत थिजलं होतं. शेंगदाणा, सोयाबीन यांची कालांतराने चिकट पुटं बसतात. शिलाई मशीनचं तेल उत्तम, तेही दोन-चार थेंब. जास्त झालं तर नळी वर करून ठेवलेल्या बंदुकीतलं तेल खाली दस्त्यात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं. ठासणीत ते केपाच्या भोकात साचतं. मग केप वाजते, पण बार उडत नाही. तसं झालं तर नळी मोकळ्या दिशेला धरून मिनिटभर तरी थांबा, बार उशिरा उडू शकतो. पुढच्या वेळी भरण्याआधी नळी कोरडी पुसून घ्या.

बारा बोअरचा चिकट मळ केरोसीनने सुटतो. पण केरोसीन तेलाची जागा घेत नाही; ते उडून गेलं की लोखंड उघडं पडतं. आणि चूल पेटलेल्या पडवीत हे काम नको.

चिंच, लिंबू, आमसूल तांब्याच्या कळशीला ठीक. बंदुकीचा निळसर-काळा रंग म्हणजे लोखंडावरचा पातळ थर असतो. आंबटाने तो बघता बघता जातो. स्टीलची घासणी, राख, पॉलिश पेपर यांचं तेच. वरवरच्या गंजाला तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. नळीत खड्डे पडलेले दिसले तर घरी काही करू नका, कारागिराला दाखवा.

नळीत तार किंवा बांबूची काठी घालू नका. तार ओरखडे पाडते, बांबू चिरफाळतो आणि चिंधी आतच राहते. बारा बोअरमध्ये अडकलेली चिंधी तेल सोडून, मागच्या बाजूने सरळ लाकडी दांड्याने ढकला. ठासणीची नळी मागून बंद, त्यामुळे ती कारागिराकडेच. बार उडवून चिंधी काढू म्हणाल, तर नळी फुटून हात जाईल.

दसऱ्याचं राहिलं. पाणी, पंचामृत, ओलं कुंकू लागलेली बंदूक लोक तशीच रेक्झिनच्या कव्हरात घालतात. पूजा जरूर करा, पण त्याच संध्याकाळी पुसून, तेलाचा हात फिरवून, सुती कापडात गुंडाळून ठेवा. ठाण्यातून परत आली की त्याच दिवशी उघडून बघा.

आणि वापरलेल्या चिंध्या, ब्रश, टोप पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. त्यांना शिसं लागलेलं असतं. हात साबणाने धुवूनच पोरांना जवळ घ्या.