ताओ आणि चिनी वैद्यक शिकायचंय? आधी माझी फुकट गेलेली सहा पानं पाहा

'छी', म्हणजे चिनी वैद्यकात शरीरात वाहते मानलेली शक्ती, हा शब्द आमच्या घरात कधी रुळला नाही. मावशी विचारायची, "काय शिकतेस गं नेमकं?" मी "छी" म्हटलं की ती नाक मुरडायची. मग मी सोपं करून सांगितलं, "अगं, छी म्हणजे आपला प्राण." मावशीचं समाधान झालं. वाईट एवढंच की माझंही झालं.

यिन-यांग (परस्परपूरक जोडी), पाच 'शिंग' (लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या अवस्था), तीन तानथ्येन (शरीरात छी साठवण्याची ठिकाणं) हे तुम्हाला ठाऊक असणार, नाहीतर या विषयाकडे वळलाच नसता. म्हणून ते सोडून देते आणि मी जिथे आपटले तिथेच जरा रेंगाळते.

पेइचिंगच्या (बीजिंगच्या) पाययुन या ताओपंथी मठात १८८६ साली कोरलेली एक शिळा आहे, 'नेइचिंग थू'. माणसाचं धड आणि डोकं एका बाजूने दाखवलंय, पण आत डोंगर, झरे, शेत. तळाशी एक मुलगा आणि एक मुलगी पायांनी रहाट चालवून पाणी वर चढवताहेत. त्याच्या वर बैल नांगर ओढतोय, मूत्रपिंडापाशी एक बाई सूत काततेय. शिळेच्या ठशाची प्रत हातात आली आणि मला ज्ञानेश्वरीचा सहावा अध्यायच दिसू लागला. कणा म्हणजे सुषुम्ना, रहाट म्हणजे मूलाधार, शेत म्हणजे मणिपूर. एका रात्रीत प्रबंधाच्या प्रकरणाची सहा पानं झाली. इतकं सुंदर मी आधी काही लिहिलं नव्हतं, खरंच सांगते.

मार्गदर्शक बाईंनी ती वाचली आणि एकच प्रश्न केला, "वर गेलेलं पाणी खाली कुठून येतं?"

मला माहीत नव्हतं. कुंडलिनी वर जाते आणि वरच विरते, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं. पण नेइतान साधनेत, म्हणजे शरीरातल्या किमयेत, फेरा पुरा व्हावा लागतो: पाठीतून 'दू' वाहिनीने वर, पुढून 'रन' वाहिनीने खाली, पुन्हा खालच्या तानथ्येनमध्ये. आणि दू-रन हे शब्द साधकांचे खासगी नाहीत, वैद्यांच्या जुन्या ग्रंथांतही त्याच वाहिन्या आहेत. म्हणजे ताओ साधना आणि वैद्यक यांचा सांधा मी शोधत होते तो माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि मी त्यावर चक्रांचा कागद चिकटवला होता. चित्रात चक्रं सात नाहीतच. तिथे हृदय, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड आहेत, वैद्य मोजतात त्यातले अवयव.

हे पुन्हा सांगते, कारण आपण मराठी लोक इथे हमखास घसरतो. घरात योग असतो, आयुर्वेद असतो, परक्या शब्दाला आपला शब्द लगेच सापडतो. सापडला की शोध संपतो. निदान पहिलं वर्ष छीला छीच म्हणा. तोंडाला विचित्र लागू दे.

साम्य काढूच नये का? काढा, पण शेवटी. आधी ग्रंथ कोणता, कोणत्या शतकातला, कोणाच्या हातातला, एवढं लिहून ठेवा.

दुसरा खड्डा लहान आहे. 'ताओत्सांग' या १४४५च्या ताओ ग्रंथसंग्रहात वैद्यकाचे 'सुवेन' आणि 'लिंगशू' हे जुने ग्रंथ आहेत, वैद्य सुन स्मियाओची औषधं आहेत. म्हणून वैद्यक ताओतून जन्मलं असं ठोकून देऊ नका. त्याच संग्रहात राजनीतीवाला हान फेइत्सही आहे.

त्यापेक्षा माणसं धरा. चौथ्या शतकातला किमयागार आणि वैद्य गे होंग घ्या. त्याच्या 'पाओफूत्स' ग्रंथात अमरत्वासाठी हिंगूळ (पाऱ्याचं खनिज) आणि सोनं आहे. पण तापावर छिंगहाओ या वनस्पतीचा मूठभर पाला पाण्यात भिजवून, पिळून, रस प्या असं सांगणारा उतारा आहे तो त्याच्या बाहीत मावणाऱ्या तातडीच्या औषधांच्या वहीत. त्यात उकळणं नाही, हे चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी हेरलं. कमी तापमानात ईथरने अर्क काढून १९७१मध्ये त्यांच्या गटाला मलेरियावर गुण दिसला, आणि २०१५ला नोबेल मिळालं. 'ताओ रहस्याला नोबेल' असं कोणी लिहिलं की मला चीड येते. माणूस एकच, पण त्याची फडताळं दोन होती. सोळाव्या शतकातला वैद्य ली शिचेन तर आणखी मजेचा. वाहिन्यांबद्दल लिहिताना तो ध्यान करणाऱ्यांची साक्ष काढतो, आणि पारा खाऊन अमर व्हायला निघालेल्यांना त्याच्या औषधकोशात झोडपतो. थांग घराण्यातले काही सम्राट अशाच गुटिकांनी गेले होते. (आपल्या रसशास्त्राशी तुलना इथे जीभेवर येईल. गिळा.)

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. शनिवार-रविवारचं छीकोंगचं (श्वास आणि हालचालींच्या व्यायामाचं) शिबिर करून 'पाच हजार वर्षांची परंपरा' असं लिहू नका. व्यायाम जुनेच आहेत: इ.स.पू. १६८च्या मावांगत्वे थडग्यात, १९७३ साली, व्यायामाच्या ४४ आकृत्यांचं रेशमी चित्र सापडलं. पण छीकोंग हे नाव आजच्या अर्थाने रूढ झालं १९५०च्या दशकात. भाषांतराचं ॲपही नको. 'चिंग' म्हणजे शरीरातलं सत्त्व आणि 'चिंग' म्हणजे वाहिनी, उच्चार तोच, अक्षरं वेगळी. ॲपला फरक पडत नाही, परीक्षकाला पडतो. आणि "वा, छान" म्हणणारा मार्गदर्शक मिळाला तर दुसरा शोधा. माझ्या बाईंचा मला दोन महिने राग होता, थोडा अजून आहे.

घाबरू मात्र नका. अभिजात चिनी पहिले सहा महिने भिंतीसारखी वाटते, मग एखादी ओळ कोश न उघडता कळते. माझी पहिली ओळ मुळा खाण्याबद्दल होती आणि मी रडले होते. वय जास्त आहे, संस्कृतच येतं, विज्ञानाची पदवी नाही, यातलं काहीही आडवं येत नाही. उलट रोज थोडं पाठ करायची सवय असेल तर तुम्ही पुढेच आहात.

एक रोखठोक: हा अभ्यास करून सुया टोचता येत नाहीत. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५चा वेगळा कायदा आहे, ती वाट वेगळी. लग्नात कोणी गुडघा पुढे केला तर हात जोडा. नोकऱ्या कमी आहेत. मी दुपारी व्यापारी पत्रांची भाषांतरं करते, त्यावर खोलीचं भाडं निघतं.

ते प्रकरण मी तीनदा लिहिलं. आता त्यात दू आणि रन आहेत, ली शिचेन आहे, पाणी खाली कसं येतं तेही आहे. ज्ञानेश्वरीची सहा पानं आटून दोन ओळींची तळटीप झाली. बाई म्हणतात तीही काढ. ती मी काढलेली नाही.